दुष्काळाची डिग्री

हिंमतराव चेअरमनच्या हाताला जे लागेल त्याची सोसायटी होते. दूध लागलं, दूध सोसायटी झाली. बोरी नदीवर इंजिन बसवलं, उपसा सिंचन सोसायटी झाली. पुढं नदी आटली, इंजिन गंजलं, सोसायटी मात्र टिकली. सोसायटीला पाणी लागत नाही, चेअरमन लागतो. कॉलेजची संस्था ही त्यातलीच धाकटी. आणि श्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, अख्खं गाव घागरी घेऊन रानोमाळ फिरत असताना, या संस्थेनं ठरवलं की आपल्या कॉलेजात पाणी, माती आणि पर्यावरण या विषयाची तीन वर्षांची डिग्री काढायची.

विचार वाईट नव्हता. आमच्या भागात या तिन्हीचं वाटोळं झालेलं आहे, तेव्हा ते शिकायला मुंबईला कशाला जायचं? विद्यापीठ म्हणालं, आराखडा करा, समिती पाठवतो. आराखडा करायला चौघं बसलो. हिंमतराव, प्राचार्य शांतलिंग सर, टँकरवाले रेवणप्पा आणि मी. मी कशाला? तर विद्यापीठाच्या नियमात मागासवर्गीय प्रतिनिधी पाहिजे होता. मी नळदुर्गच्या रस्त्यावर आमच्या फाट्याला सायकली दुरुस्त करतो. शाळेत चौथीच्या पुढं गेलो नाही, पण पुढचं वाचायला-लिहायला कुणाच्या बापाची परवानगी मागितली नाही, आणि एक-दोन गोष्टी छापूनही आल्यात. एका खुर्चीत मागासवर्गीय आणि साहित्यिक दोन्ही बसतात म्हटल्यावर हिंमतरावांना मी स्वस्त पडलो.

माझा यात स्वार्थ होता. माझी पोरगी गुलाब बारावी सायन्सचे पेपर देऊन बसली होती आणि तिला हीच डिग्री पाहिजे होती. डॉक्टर नको, मास्तरीण नको, हीच. आणि तिच्या आईचा, सरुबाईचा, कायदा असा की सांजच्या यष्टीनं घरी येता येईल तेवढंच शिकायचं. त्याच्या पुढचं शिक्षण नवऱ्याच्या घरी. सोलापूरचं एक मिलवाल्याचं स्थळ तिनं हेरूनही ठेवलं होतं. म्हणजे डिग्री गावात आली तर पोरगी शिकणार, नाही आली तर सोलापूरला जाऊन भाकरी थापणार. मधला रस्ता नव्हता.

पहिल्या बैठकीत सरांनी कोरे कागद पुढं घेतले आणि पेनचं टोपण काढून विचारलं, "पहिल्या वर्षाला काय काय विषय ठेवायचे?"

"द्राक्ष घाला," रेवणप्पा म्हणाले.

"अप्पा, डिग्री पर्यावरणाची हाय," मी म्हणालो.

"मग द्राक्ष काय टाटाच्या कारखान्यात तयार व्हतंय? मातीतच येतंय न्हवं?"

सरांनी द्राक्ष लिहिलं. हिंमतराव म्हणाले, "दुसऱ्या वर्षाला सहकार पाहिजे. सहकाराशिवाय पर्यावरण कसलं?" सरांनी सहकार लिहिला.

"विहिरी का आटतात, ते कुठल्या वर्षाला?" मी विचारलं.

सर म्हणाले, "ते जनरलमधे येईल."

"आन पाझर तलाव? बहात्तर साली आमी खांदला. चौदा-पंधरा वर्षं झाली, गुडघाभर पाणी थांबलं न्हाय. ते कशात येईल?"

हिंमतरावांनी पानाची पिचकारी खिडकीतून बाहेर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "आबाराव, तलावाची जागा कोणी ठरवली, हा इतिहासाचा विषय हाय. आपण सायन्सची डिग्री काढतोय."

जागा त्यांच्या वडिलांनी ठरवली होती. खडकाळ, भेगाळलेली, कुसळसुद्धा न उगवणारी त्यांचीच जमीन, जी सरकारनं मोबदला देऊन घेतली. सरांनी तलाव लिहिला नाही.

घरी आलो की गुलाब दारातच विचारायची, "दादा, आज काय घातलं?" मी सांगायचो, द्राक्ष घातलं, सहकार घातला. तिचं तोंड उतरायचं. "आन तळं?"

त्या तळ्याचं तिला लहानपणापासून आहे. बहात्तरच्या दुष्काळात सरुबाई मुरमाच्या पाट्या वाहायची, मी खडी फोडायचो, आणि ही चार वर्षांची, भरावावर फडक्याच्या सावलीत सुकडी खात बसलेली. मुकादम पोरांना सांगायचा, हितं समुद्र व्हणार हाय. पुढं पाऊस आला, तळं भरलं आणि पंधरवड्यात रिकामं झालं. तेव्हा तिनं विचारलं होतं, "दादा, तळ्याला भोक हाय का?" मी म्हणालो होतो, असंल. पोरगी त्या एका भोकापायी सायन्सला गेली.

एप्रिलात सरांनी सांगितलं की समिती येणार आणि सगळ्यात आधी प्रक्षेत्र बघणार. म्हणजे पोरं जिथं हातानं काम करून शिकणार ती जमीन आणि तिथली विहीर. जमिनीचं ठीक होतं, माळच होता. विहीर मात्र मागल्या साली सुरुंग लावून खांदलेली, नुसत्या मुरमाची. पाणी लागलंच नव्हतं. कॉलेजच्या पोरांचा चेंडू तिच्यात गेला की पोरं खाली उतरून घेऊन यायची.

"विहीर भरून ठेवावी लागंल," हिंमतराव म्हणाले.

मला वाटलं थट्टा आहे. रेवणप्पा मात्र लगेच टँकरच्या खेपांचा हिशेब करायला लागले, तेव्हा कळलं की थट्टा नाही.

"चेअरमनसाहेब," मी म्हणालो, "डिग्री कशाची मागतोय आपण? पाणी न्हाय, त्याची. आन दाखवायची भरलेली विहीर? टीबीच्या दवाखान्यात जाऊन कुणी दंड काढून दाखवतं का?"

"आबाराव, सोयरीक जुळवायची आसली की घरातलं फुटकं मडकं पुढं मांडतात का?"

आता याला काय बोलणार? आमच्याकडं रीतच आहे ही. मुलाचं घर बघायला पाहुणे येणार असले की शेजाऱ्याची म्हैस आपल्या दावणीला येते. कणगीत खाली कडबा आणि वर वीतभर ज्वारी. पाहुण्यालाही ते ठाऊक असतं, कारण मागल्या साली त्यानंही तेच केलेलं असतं. कुणी कुणाला फसवत नाही, सगळे मिळून फसतात. हीच रीत हिंमतरावांनी सहकारात आणली. दूध सोसायटीच्या तपासणीला तामलवाडीच्या पाहुण्यांच्या संकरित गायी येऊन उभ्या राहिल्या. शाळेच्या तपासणीला शेजारच्या गावची पोरं येऊन बसली. दर वेळी मंजुरी मिळाली. माणूस एकदा अशा रस्त्यानं मोठा झाला की त्याला वाटतं जगात दुसरा रस्ताच नाही.

"सर, तुमी तरी बोला," मी म्हणालो.

शांतलिंग सरांनी पेनाला टोपण लावलं. वाईट माणूस नाही. पण त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि कायम न झालेला माणूस टोपणच लावतो.

समिती यायच्या आदल्या दिवशी टँकर आमच्या वस्तीवर आलाच नाही.

आमच्याकडं टँकर घरोघर पाणी वाटत नाही. तो विहिरीत मोकळा करतात, मग बाया दोर टाकून शेंदतात. गावच्या विहिरीत एक खेप, आमच्या बौद्धवस्तीच्या विहिरीत एक खेप. त्या दिवशी आमच्या बाया सकाळपासून काठावर घागरी मांडून बसलेल्या, आणि टँकर वस्तीच्या वळणावरून सरळ कॉलेजच्या माळाला गेला. एकदा गेला, पुन्हा भरून आला, पुन्हा गेला. मी दुकान तसंच टाकून रेवणप्पांना गाठलं.

"अप्पा, आमचं पाणी कुठं चाललंय?"

"कॉलेजला. तुमच्याच पोरीच्या डिग्रीसाठी चाललंय की. आन तुमीच आडवे येता व्हय?"

"आज पोरगी डिग्री पिणार का?"

"एक दिवसाचा प्रश्न हाय, आबाराव. कळ काढा."

हिंमतराव विहिरीवरच होते. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं होतं की विहीर जुनी वाटली पाहिजे, म्हणून आटलेल्या नदीच्या उरल्यासुरल्या डोहातनं डबाभर मासे आणून सोडणं चाललं होतं. पाणी आणि मासे! दुष्काळी भागातल्या डिग्रीची तयारी ही अशी. मी म्हणालो, टँकर वस्तीकडं फिरवा, नाही तर उद्या मी समितीला तोंडावर सांगतो.

इतके दिवस मी "आबाराव, तुम्ही" होतो. हिंमतरावांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सांग की. तुझं कोण ऐकतंय ते बघू," म्हणाले. तुम्हीचा तू व्हायला आमच्या गावात एवढंच लागतं.

रात्री घरात हंडाभर पाणी होतं, ते झाकून ठेवलं. सरुबाई माझ्याशी बोलली नाही. गुलाब म्हणाली, "दादा, तुमी उद्या सांगितलं तर डिग्री जाईल का?"

"आन न्हाय सांगितलं तर मिळंल का?"

"ते बी न्हाय सांगता येत," ती म्हणाली. "पण खोट्या विहिरीवर मला काय शिकवणार हायेत?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजायच्या आत समितीची जीप आली. तिघं जण होते. प्रमुख म्हणजे पांढऱ्या टोपीतले डॉक्टरसाहेब, दगडमातीच्या शास्त्रातले मोठे माणूस, बोलायला गोड. विहिरीपाशी आले आणि थबकले. रात्रभर खेपा ओतून पाणी काठाला लागत आलेलं, वर ऊन चमकतंय, आत मासे फिरतायत. खरं सांगतो, क्षणभर माझंही मन निवलं. इतके महिने एवढं पाणी एका जागी बघितलंच नव्हतं.

"वा," डॉक्टरसाहेब म्हणाले. "या दिवसांत?"

हिंमतराव फुलून गेले. "देवाची कृपा, साहेब. आमच्या गावाला दुष्काळ नावालासुद्धा न्हाय."

मी शांतलिंग सरांकडं बघितलं. सर आभाळाकडं बघत होते.

तेवढ्यात माळाच्या खालच्या अंगानं बाया आल्या. पुढं सरुबाई, डोक्यावर घागर, खांद्यावर दोर, मागं अख्खी वस्ती. गेटवरचा शिपाई हात आडवा करून उभा राहिला. सरुबाई त्याला म्हणाली, "टँकर जिथं मोकळा झाला तिथं शेंदायचं, हे तुला आज सांगायचं का? सर बाजूला." आणि सरळ काठावर येऊन तिनं दोर सोडला.

मला वाटलं, झालं, फुटलं भांडं. पण हिंमतराव काही कच्चे नाहीत. त्यांनी हात पसरून सगळ्या बायांना त्यात घेतलं. "बघा साहेब. ह्या आमच्या बौद्धवस्तीच्या भगिनी. आमच्या संस्थेची विहीर सगळ्या समाजाला खुली हाय. भेदभाव न्हाय."

गावच्या विहिरीवर आमच्या बाईनं दोर टाकला तर अजून कपाळाला आठ्या पडतात. आणि इथं आमचंच पाणी आम्हाला खुलं करून दाखवलं. समितीतल्या दुसऱ्या साहेबांनी कौतुकानं बायांचा फोटो काढला.

मग डॉक्टरसाहेब होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांकडं वळले. पोरं रांगेत उभी केलेली, त्यात गुलाब. साहेबांनी तिलाच विचारलं, "काय गं बाळ, हा विषय कशाला घ्यायचा आहे तुला?"

तिनं एकदा आईकडं बघितलं. सरुबाई खाली वाकून घागर ओढत होती.

"सर, आमच्या तळ्यात पाणी थांबत न्हाय. ह्या विहिरीलाबी पाणी लागलेलं न्हाय. का लागत न्हाय ते शिकायचंय."

डॉक्टरसाहेबांनी तिच्या मागच्या तुडुंब विहिरीकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं बघितलं, आणि मायेनं हसले. "बाळ, तू पाण्याकडं पाठ करून उभी आहेस."

सगळे हसले. हिंमतराव सगळ्यांत मोठ्यानं. पोरीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, पण मान खाली घातली नाही तिनं.

मग मी पुढं झालो. "साहेब, पोरगी खरं बोलतीया. हे पाणी काल रेवणप्पांच्या टँकरनं आणलंय, आमच्या वस्तीच्या वाट्याचं. मासे नदीच्या डोहातले हायेत. तुमी सांजपर्यंत थांबा. ही मुरमाची विहीर हाय, तुमच्या डोळ्यादेखत खाली जाईल."

हिंमतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमचे आबाराव साहित्यिक हायेत, साहेब. कल्पना लई करतात. गोष्टी छापून येतात त्यांच्या."

"असं का?" डॉक्टरसाहेब म्हणाले. "छान, छान. ग्रामीण भागातून लेखक पुढं आले पाहिजेत."

यापुढं माणसानं काय करावं? मी विहिरीत उडी मारली असती तरी ते म्हणाले असते, वा, पोहायचीही सोय आहे.

सांजपर्यंत ते थांबणार नव्हते. तुळजापूरला दर्शन होतं. त्याआधी हिंमतरावांच्या घरी पुरणपोळी. जेवणं होईपर्यंत इकडं विहिरीत कंबरेइतकंच पाणी उरलं. निम्म्या बायांचा नंबर लागायच्या आत दोर खडकावर आपटायला लागले. उरलेल्या बाया चिखलगाळ तेवढा भरून परत आल्या. घरी येऊन सरुबाईनं घागर हंड्यात ओतली तर पाण्याबरोबर एक बोटभर मासा पडला. तो हंड्यात गोल गोल फिरायला लागला.

"बघा," ती मला म्हणाली. कालपासूनचा हा तिचा माझ्याशी पहिला शब्द. "तुमच्या डिग्रीचा मासा."

महिनाभरानं शांतलिंग सर विद्यापीठातून निकाल घेऊन आले. आम्ही चौघं पुन्हा बसलो. सर म्हणाले, "नामंजूर."

"कशापायी?" हिंमतरावांना खरंच कळेना. "विहीर आवडली न्हाय का?"

"विहीर आवडली. म्हणूनच. समितीचं म्हणणं पडलं, हा परिसर पाण्यानं समृद्ध आहे, इथं या कोर्सची निकड नाही. जिथं खरा दुष्काळ आहे तिथं तो द्यावा. परांड्याच्या बाजूच्या एका कॉलेजला दिला. त्यांची विहीर कोरडी ठणठणीत होती म्हणे, वर कुत्रं मरून पडलेलं."

रेवणप्पांनी खाली बघून मिशा चोळल्या. मग हिंमतराव तावातावानं म्हणाले, "आरं मग आधी सांगायचं न्हाय का दुष्काळ पाहिजे म्हणून? आपल्याकडं दुष्काळाला काय तोटा हाय? वाट्टंल तेवढा दाखवला असता."

"मी सांगत होतो," मी म्हणालो.

"तुम्ही सांगत होता खरं टँकरचं. दुष्काळाचं कुठं सांगितलं?" पुन्हा तुम्ही झालो होतो, कारण पुढच्या वर्षी पुन्हा प्रतिनिधी लागणार होता. "असू द्या. पुढच्या वर्षी परत अर्ज करू. समिती यायच्या आधी विहीर पार उपसून ठेवू. रेवणप्पा, एक चांगली मोटार बघा."

"चेअरमनसाहेब, विहिरीत काय हाय उपसायला?"

"तयारी नको का?"

मी उठलो आणि चहा न घेता बाहेर पडलो. शिव्या द्यायलासुद्धा समोर शहाणा माणूस लागतो.

घरी सरुबाई भांडी घासत होती. सोलापूरचे पाहुणे रविवारी यायचे होते, म्हणून तिनं शेजारच्या चांगुणाकडून स्टीलचा हंडा आणि कपबश्या आणून मांडून ठेवल्या होत्या. गुलाब चुलीपाशी. मी सगळं सांगितलं. गुलाबनं नुसतं ऐकून घेतलं आणि फुंकणी उचलून जाळ फुंकायला लागली. जाळ चांगला पेटलेला होता.

सरुबाई मात्र हात थांबवून बसली. "आपल्याकडं पाणी लई, म्हणून न्हाय दिली?"

"व्हय."

"माझी घागर बघितली त्यांनी. फोटो काढला. त्याच्यावरनं ठरवलं?"

"त्याच्यावरनंबी ठरवलं असंल."

"आदल्या दिसापासनं तहानेलं घर, म्हणून मी घागर घेऊन गेले. आन त्या टोपीवाल्यानं म्हणावं पाणी लई हाय?" ती उठली, चांगुणाचा हंडा रिकामा करून कडेवर घेतला, कपबश्या पदरात बांधल्या. "सोलापूरला सांगावा धाडा. रविवारी येऊ नका म्हणावं."

"आन ते परांड्याकडचं? तिकडनं सांजच्या यष्टीनं येता येत न्हाय. दोनदा गाडी बदलायची. वसतिगृहात ऱ्हावं लागतंय."

"तुमी मला यष्टीचं सांगू नका," ती माझ्यावरच खेकसली, जसा काही मीच टँकर फिरवला होता. "सांजची यष्टी सांजची यष्टी म्हणून मी हिला त्या खोट्या विहिरीला बांधून ठेवली. माझ्या घागरीनं गेलीया ना डिग्री? मग मीच पाठवणार." आणि हंडा परत करायला तरातरा निघून गेली. गुलाब फुंकणी हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "माझ्याकडं काय बघती? माझं कोण ऐकतंय हितं?"

बारावीचा निकाल लागला, पोरगी चांगली पास झाली. जूनमध्येही पावसाचा पत्ता नव्हता. फाट्यावर, माझ्या दुकानासमोर, आम्ही तिला गाडीत बसवून द्यायला उभे होतो. पत्र्याची पेटी, वळकटी, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. रेवणप्पांच्या टँकरनं धूळ उडवत जाताना हॉर्न वाजवला. सरुबाईनं त्याला पाठमोरी शिवी हासडली.

"माय," गुलाब म्हणाली, "तिथला सर बी म्हणला, तू पाण्याकडं पाठ करून उभी हायेस, तर?"

"तर त्याला दोर दे हातात. म्हणावं, उतर खाली, आन बघ."

यष्टी आली. पेटी वर चढवली. गुलाबनं खिडकीतनं हात काढला, सरुबाईनं तो धरला आणि गाडी हलली तसा सोडला. रडली नाही. नाक पदरानं पुसलं आणि मला म्हणाली, "सायकल टाकून गेलेल्या त्या पोराचं पंक्चर काढायचं हाय न्हवं? मग उभे का?"

मी सायकल उलटी केली. कॉलेजच्या माळाकडून घरघर ऐकू येत होती. पुढच्या वर्षीच्या समितीसाठी आणलेली मोटार हिंमतरावांनी विहिरीत बसवली होती, आणि चालते का म्हणून कोरड्या खडकावर चालवून बघत होते.